गांडूळ खताच्या नावाखाली माती विकली

जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा तालुक्यात आमची काळी, भारी जमीन आहे. जुलैत २०० कागदी लिंबं लावली. खड्ड्यांत शेणखत घातलं होतं, तरी दसऱ्याच्या सुमारास रोपं जागच्या जागी थांबली. घरी गुरं आता दोनच, त्यामुळे आणखी शेणखत आणायचं कुठून, या विवंचनेत होतो. त्याच आठवड्यात गावात पांढरी पिकअप आली.

"आबा, रासायनिक टाकून रोपं जाळू नका. हे अस्सल गांडूळ खत आहे, पंधरा दिवसांत नवती फुटेल," असं म्हणत त्या पोराने मूठभर खत हातावर दिलं. काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास. ते खरंच चांगलं होतं. फसलो तो इथेच, कारण ती मूठ वेगळ्या पिशवीतली होती. ४० किलोच्या ४० गोण्या घेतल्या, ६५० ला एक. २६,००० रुपये रोख मोजले आणि पावती म्हणून कोऱ्या चिठ्ठीवर आकडा घेतला.

झाडाला आठेक किलो घातलं. पाणी दिल्यावर आळ्यात पापुद्रा धरला. महिन्यात पानं पिवळी पडली, ३१ रोपं वाळली. उपटून पाहिलं तर मुळं कुरतडलेली, मातीत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी. बांधावरच्या नानांनी उरलेलं खत काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळलं. तळाशी चार बोटं चिकणमाती आणि रेती बसली, वर न कुजलेला भुसा तरंगला. "भाऊ, हाई ते माटी शे," एवढंच ते बोलले.

कच्चा भुसा जमिनीत कुजताना जिवाणू तिथलाच नत्र (नायट्रोजन) ओढतात, म्हणून कोवळी रोपं उपाशी राहतात. हुमणीची अंडी-अळ्याही अशा अर्धकच्च्या खतातून शेतात येतात.

कृषी कार्यालयात गेल्यावर कळलं की १९८५ चा खत नियंत्रण आदेश सेंद्रिय खतालाही लागू आहे. गांडूळ खतात किमान १८ टक्के सेंद्रिय कर्ब (कार्बन), १ टक्का नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) प्रत्येकी ०.८ टक्के हवं. गोणीवर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि बॅच नंबर हवा. माझ्या गोण्यांवर फक्त 'सेंद्रिय' हा शब्द आणि एक मोबाईल नंबर होता, तोही आता बंद. पक्कं बिल नाही, सगळ्या गोण्या फोडलेल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण पकडायचं कोणाला? एक जरी गोणी शिवलेली ठेवली असती तर नमुना तपासायला देता आला असता.

तुम्ही घेणार असाल तर गाडीतली कोणतीही गोणी स्वतः निवडा, तिथेच फोडा, मधला माल ग्लासात ढवळा. विकणारा नको म्हणाला तर गाडी जाऊ द्या.

काल मामेभावाचा फोन आला. तशीच पांढरी पिकअप भडगावकडच्या गावांत फिरतेय, तोच दर, तीच मूठ. म्हणून रात्रीच हे लिहायला बसलो.