न्युवीवरची गाणी: यादी गाडीत बनवावी की संगणकावर?

गार्मिनच्या न्युवी ७०० मालिकेतल्या नेव्हिगेटरमध्ये, म्हणजे गाडीत रस्ता दाखवणाऱ्या यंत्रात, एमपी३ गाणी वाजवायची सोय आहे. त्याची प्लेलिस्ट दोन प्रकारे बनते.

पहिला प्रकार डब्यावरच, म्हणजे न्युवीवरच. गाणी लावायची, ब्राउझमध्ये प्लेलिस्टवर जायचं आणि चालू रांग यादी म्हणून सेव्ह करायची. मिनिटभराचं काम, केबल लागत नाही. पण काचेवर चिकटवलेल्या छोट्या पडद्यावर पन्नास गाणी एकेक निवडणं जिवावर येतं, आणि गाडी चालवताना तर ते करूच नये. मी हा मार्ग फक्त आठ-दहा गाण्यांपुरता वापरते.

दुसरा प्रकार संगणकावरचा, आणि मला तोच मनापासून आवडतो. कारण गाण्यांचा क्रम आपल्या हातात राहतो: पहाटे निघताना भूपाळी, घाटात संथ भावगीतं, दुपारी डोळे जड झाले की ढोलकीची लावणी. संगीताच्या प्रोग्रॅममध्ये यादी करून ती एम३यू (प्लेलिस्टच्या साध्या मजकूर-फाइलचा प्रकार) म्हणून सेव्ह करा. मग एक पायरी विसरू नका. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि प्रत्येक गाण्याआधीचा ड्राइव्ह-फोल्डरचा पत्ता पुसा, ओळीत फक्त फाइलचं नाव उरू द्या. संगणकावरचा तो पत्ता न्युवीला सापडणारच नाही. यादी आणि गाणी न्युवीत घालायच्या मेमरी कार्डावर एकाच फोल्डरमध्ये हवीत. फाइलची नावं रोमन लिपीत, आखूड ठेवली तर बरं. देवनागरीच हवी असेल तर यादी एम३यू८ म्हणून सेव्ह करा, कारण ती यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत असते.

लांबच्या प्रवासाआधी अर्धा तास काढता येत असेल तर संगणकच. ऐनवेळी निघायचं असेल तर डब्यावरची छोटी यादी पुरते.