डिफरन्शिअलचं तेल: कव्हर उघडायचं की पंपाने ओढायचं?

डिफरन्शिअलला (मागच्या एक्सलच्या मधल्या, चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला) खाली ड्रेन प्लग, म्हणजे तेल सोडायचं बूच असेल तर हे वाचण्यात वेळ घालवू नका. तो खोला, तेल सोडा, भरा, विषय संपला. पंचाईत होते ती प्लगच नसलेल्या एक्सलची. तिथे वाटा दोनच. मागचं कव्हर काढून तेल खाली पाडायचं, नाहीतर फिलरच्या, म्हणजे तेल भरायच्या भोकातून नळी घालून हातपंपाने ओढून घ्यायचं. एकाच गाडीवर मी दोन्ही करून बसलो आहे. आधी दोनदा कव्हर, नंतर तीनदा पंप.

कोणतीही वाट धरा, फिलर प्लग आधी सुटतो का ते बघा. जुनं तेल काढून झालं आणि मग प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलत नाही.

कव्हरची बाजू भक्कम आहे, हे आधीच कबूल करतो. वरचा एक बोल्ट अर्धवट ठेवून बाकीचे काढले आणि खालच्या कडेत पातळ पट्टी घातली की तेल धो धो येतं आणि तळाचा गाळही घेऊन येतं. क्राउन व्हीलचे, म्हणजे आतल्या मोठ्या गिअरचे दात समोर दिसतात. आत चुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप असतो. तो चिमटीत चोळून बघावा. काजळासारखा मऊ लागला तर निर्धास्त राहा, ती नेहमीची झीज. बोटाला कण टोचला किंवा दाताचा तुकडाच हाती आला, तर नुसतं तेल बदलून भागणार नाही. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. हे सगळं पंपवाल्याला कळत नाही असं नाही, पण अंदाजानेच.

एवढं असून मी कव्हर सोडलं ते एकाच कारणाने: कव्हरची फट बंद करायला लावलेलं जुनं सिलिकॉन.

गाडीखाली उताणं पडून, तोंडाच्या वीतभर वर, एक्सलच्या कडेला चिकटलेलं सिलिकॉन खरवडणं हे काम ज्याने केलंय त्याला जास्त सांगायला नको. ते सलग निघत नाही. नखाएवढी खपली निघते, अर्धी चष्म्यावर पडते, अर्धी आत गिअरकडे जाते. ती चिंधीने टिपायची. तोवर वरून उरलंसुरलं तेल ओघळतं आणि नुकतीच पुसलेली कड पुन्हा ओली होते. पुन्हा ब्रेक क्लीनर, पुन्हा चिंधी. आणि गिअर ऑइलचा तो गंधकाचा दर्प! दोनदा साबण लावूनही जेवताना हाताला येतो. पहिल्या वेळी तेल काढायला दहा मिनिटं लागली असतील, कड साफ करायला दीड तास.

तेवढ्यावर निभावलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. दुसऱ्या खेपेला एका बोल्टजवळ कड जराशी तेलकट राहिली असावी. सिलिकॉन नीट फिरवलं होतं, बोल्ट समोरासमोरचे आवळले होते, रात्रभर वाळूही दिलं होतं. तरी नवं तेल भरून दोन दिवस झाले आणि जमिनीवर बोराएवढा डाग. म्हणजे कोरं तेल काढा, कव्हर काढा आणि ते खरवडणं पहिल्यापासून. तयार गॅस्केट मिळत असेल तर त्रास कमी होत असेल. माझ्या गाडीला सिलिकॉनच लागतं.

पंपाचीही कटकट आहेच. गुंडाळून ठेवलेली नळी आत गेली की टोक वर वळतं आणि तेलाऐवजी हवा ओढते. यावर उपाय सोपा: नळी गरम पाण्यात धरून सरळ करायची आणि टोक तिरकं कापायचं, म्हणजे ते तळाला चिकटून बंद होत नाही. गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणली की तेल पातळ होतं. थंड तेल ओढायला गेलात तर हात भरून येतात. तरी तळाशी थोडं राहतंच. माझ्या एक्सलमध्ये दोन लिटर बसतं, पंपाने पाव लिटरभर मागे राहतं असं बाटल्या मोजून दिसलं. तेवढ्यासाठी मी खरवडणी घेऊन बसत नाही.

शिवाय पंप लागतोच. फिलरचं भोक एक्सलच्या अंगाला, त्यावर बाटली उपडी धरायला जागा नाही, त्यामुळे कव्हर काढणाऱ्यालाही भरताना पंप हवाच. मग तोच उलटा का चालवू नये? भरताना मात्र गाडी सपाट हवी, चारही टोकं सारखी उचललेली आणि स्टँडवर. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. भोकाच्या खालच्या काठाला तेल आलं की पुरे.

गाडी जुनी घेतली असेल आणि आधी तेल कधी बदललं ठाऊक नसेल, मागून घुरघुर येत असेल किंवा चुंबक पुसायचाच असेल, तर कव्हर उघडा. तिथे मी पंपाची वकिली करणार नाही. डिफरन्शिअल लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारा) असेल तर गाडीच्या पुस्तकात फ्रिक्शन मॉडिफायर (तेलात मिसळायचं द्रव्य) सांगितलाय का तेही बघून घ्या, नाहीतर वळणावर मागून थरथर येते. आवाज नसलेल्या, वेळेवर तेल बदललेल्या गाडीला मी तरी पंपच लावतो. नळी आता गुंडाळत नाही, भिंतीला खिळा मारून सरळ टांगलीय.