तिस्क-उसगावचा भंगार अड्डा: घरच्या भट्टीसाठी लोखंड हवं असेल तर एकदा जाऊनच या

गोव्यात हौस म्हणून लोहारकाम करणारे आता बऱ्यापैकी झालेत, कोणी घरामागे विटांची भट्टी लावलीय, कोणी जुन्या ब्रेक ड्रमात कोळसा पेटवतो, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की लोखंड आणायचं कुठून. हार्डवेअरच्या दुकानात अँगल, पट्टी, सळई मिळते पण ते सगळं नरम लोखंड, त्याला कितीही पाणी द्या (म्हणजे लाल तापवून एकदम विझवा) धार टिकत नाही. कोयता, छिन्नी, सुरी करायची तर पोलाद लागतं आणि ते परवडेल अशा भावात भंगारातच मिळतं. म्हणून हा रिव्ह्यू. फोंड्याहून बेळगाव रस्त्याने निघालात की तिस्क-उसगाव सोडून थोडं पुढे, धारबांदोड्याच्या दिशेने, पत्र्याच्या कुंपणाचा अड्डा आहे. पाटी नाही. बाहेर टिपरच्या जुन्या केबिन एकावर एक रचलेल्या दिसतील तोच.

भंगारात पहिला प्रश्न भावाचा नसतो, हा तुकडा कशातून निघालाय हा असतो. नवीन माल घेताना ग्रेड लिहिलेला मिळतो, भंगारात तुकड्याचा आधीचा जन्म माहीत असेल तरच त्याच्यात कार्बन किती, तेलात विझवायचा की पाण्यात, याचा अंदाज लागतो. बहुतेक अड्ड्यांवर सगळा माल एका ढिगात असतो, पाइप, पत्रा, गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे, मोटरीचे तुकडे सगळं एकत्र, आणि विचारलं तर उत्तर मिळतं की लोखंड आहे, घ्यायचं तर घ्या. इथले मालक, त्यांना सगळे काका म्हणतात, माल उतरतानाच वेगळा लावून घेतात. ट्रकचे पाटे एका भिंतीला, एक्सल आणि शाफ्ट दुसरीकडे, बेअरिंगा जुन्या तेलाच्या पिंपात, आणि नुसतं पत्रा-पाइपचं भंगार पार मागे. पाट्यांकडे बोट दाखवून ते लगेच सांगतात, "हो टिपराचो, हो बशीचो" (हा टिपरचा, हा बसचा). आणि जिथे माहीत नसेल तिथे सरळ म्हणतात, "खंयचें तें खबर ना." मला याच उत्तरामुळे त्यांच्यावर विश्वास बसला, कारण विकायचं म्हणून काहीही ठोकून देत नाहीत.

या भागात पाटे एवढे का मिळतात ते इथल्या लोकांना सांगायला नको. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या, परत 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने थांबल्या, आणि कर्ज काढून खनिज वाहायला टिपर घेतलेल्या कितीतरी लोकांच्या गाड्या दारात उभ्या उभ्या गंजल्या. त्यातल्या पुष्कळ शेवटी भंगारात गेल्या. ते लोखंड हातात घेताना मला नेहमी त्या घरांची आठवण येते, कारण आमच्या वाड्यावरही अशा गाड्या होत्या. त्यातल्या एखाद्या पाट्याचा कोयता होऊन परत कोणाच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) कामाला लागला तर मला मनापासून बरं वाटतं.

आता पाटा निवडायचा कसा ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथे काका निवडू देतात, घाई करत नाहीत. पाट्यांच्या जुडग्यातला सगळ्यात लांब, दोन्ही टोकांना डोळे असलेला मेन पाटा घेऊ नका, त्याच्यावर सगळ्यात जास्त ताण आलेला असतो. मधले आखूड पाटे घ्या. तारेच्या ब्रशने गंज काढा आणि मधल्या बोल्टच्या भोकाभोवती नीट बघा, भेग असली तर ती बहुतेक तिथूनच सुरू होते, केसाएवढी बारीक असते आणि गंजात दिसत नाही. मी थोडं रॉकेल लावून पुसतो, भेगेत रॉकेल राहतं आणि पुसल्यावर तिथे ओली रेघ परत उमटते. मग दोरीला टांगून हातोडीने टिचकी मारा, चांगला पाटा लांब वाजतो, भेगेचा असेल तर आवाज बसका येतो. गंजाचे खड्डे पडलेले असतील तर ते किती खोल आहेत ते बघा. वास्को-मुरगावच्या बाजूला जो माल बघितला त्याला खाऱ्या हवेने खोल खड्डे पडलेले होते, उसगावकडचा माल त्या मानाने बरा, वरवरचा गंज जास्त.

काकांकडे एक ग्राइंडर कायम लावलेला असतो आणि ठिणगी बघायला देतात, ही या अड्ड्याची दुसरी मोठी गोष्ट. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात आणि टोकाला फारशा फुटत नाहीत. पाट्याच्या ठिणग्या मध्येच फुटतात, त्यांना फांद्या येतात. कानस टेकवली तर फुलबाजीसारखी दाट फुटते कारण तिच्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो, पाट्यात अर्धा टक्का किंवा थोडा वर. बीड (ओतीव लोखंड) असेल तर ठिणगी आखूड आणि लालसर. घरी एक सळईचा तुकडा आणि एक जुनी कानस घेऊन आधी बघून ठेवा म्हणजे डोळा बसतो. नंतर शंका राहिली तर घरी छोटा तुकडा लाल करून, चुंबक चिकटायचा बंद झाला की अजून थोडा तापवून तेलात विझवा आणि कानशीने घासा, कानस घसरली तर पाणी चढलं. आपल्याकडचे पाटे बरेचदा सिलिको-मँगनीज पोलादाचे असतात, त्यांना तेलच बरं, थेट पाण्यात घातलं तर तडकायची भीती. विझवल्यावर मात्र टेंपर केल्याशिवाय, म्हणजे परत बेताने तापवून ठिसूळपणा कमी केल्याशिवाय वापरू नका, सुरीला घरच्या ओव्हनमध्ये 200 अंशांच्या आसपास दोन तास पुरतात, पृष्ठभाग घासून ठेवला तर गवती पिवळा रंग येतो. कोयत्याला त्याहून जास्त तापमान, कारण तो नारळावर आपटायचा असतो आणि कडक राहिला तर पाकळी उडते.

कापून द्यायचं काम गॅस कटरने करतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. पण पोलाद गॅसने कापलं की कापलेली कड कडक होते आणि तिच्यात बारीक भेगा राहू शकतात, त्यामुळे मापापेक्षा दोन बोटं जास्त ठेवून कापायला सांगा आणि घरी ती कड ग्राइंडरने काढून टाका. काकांच्या मुलाला हे सांगितलं तर तो ऐकतो, पण न सांगता दिलं तर बरोबर मापावरच कापतो.

खाणीच्या मशीनरीचा मालही इथे येतो आणि त्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्रशरच्या जबड्याच्या जाड प्लेटी दिसायला फार मस्त असतात, ऐरण करावी असं वाटतं, पण त्यातल्या पुष्कळ मँगनीज पोलादाच्या असतात. चुंबक लावून बघा, चिकटला नाही तर तेच. हे पोलाद घणाच्या माराने वरून कडक होत जातं पण विझवून कडक होत नाही, आणि ग्राइंडर मारला की जी धूळ उडते ती फुप्फुसाला वाईट. माझ्या मते घरच्या भट्टीवाल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा तिथेच पडलेला जाड एक्सल किंवा शाफ्टचा तुकडा घ्या, उभा करून लाकडाच्या ओंडक्यात निम्मा गाडा, वरचं तोंड सपाट घासा, झाली ऐरण. वर बेअरिंगची गोळी सोडून बघा, सोडलेल्या उंचीच्या निम्म्यापेक्षा वर उसळली तर खुशाल घ्या. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त बिडाच्या ऐरणीवर गोळी टाकली तर थप्प करून बसते, आणि घाव चुकला की कोपरा उडतो.

रुळाचा तुकडा इथे मागू नका. कुळ्याची लाइन जवळच असल्यामुळे बरेच जण विचारतात म्हणे, पण काका रूळ ठेवतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे. रेल्वेचा माल कागदाशिवाय बाळगला तर 1966 च्या कायद्याखाली गुन्हा आहे, घेणाऱ्यालाही लागू. रेल्वेच्या लिलावातून आलेला असेल आणि पावती दाखवत असतील तरच घ्या.

अजून काय घेऊ नये तेही सांगतो, कारण हे अड्ड्यावर कोणी सांगत नाही. जीआय पाइप, जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत नको, पांढरा धूर येतो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. शॉकअप (गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर) अजिबात नको. आत तेल आणि गॅस बंद असतो, तापवला तर फुटतो, शिवाय रॉडवर क्रोम असतं आणि त्याचा धूर विषारी. बार्जच्या प्लेटी येतात अधूनमधून, मांडवी-झुआरी नद्यांवर खनिज वाहणाऱ्या जुन्या बार्जच्या, त्या नरम लोखंडाच्या असतात, पट्ट्या आणि बिजागऱ्या करायला छान, पण वरचा जुना रंग आधी पूर्ण घासून काढा, मास्क लावून, कारण अशा रंगात शिसं असू शकतं. रंगासकट भट्टीत घालू नका.

हत्यारांचा भाग वेगळा, आत शेडमध्ये एक लाकडी फळी आहे तिच्यावर. गॅरेज बंद झालं, खाणीचं वर्कशॉप बंद झालं की तिथली हत्यारं इथे येतात. घण, हातोडे, पाने, कानशी, पहारी, कधीतरी व्हाइस (काम पकडून ठेवायचा शिकंजा). घणाचं डोकं कडेला पसरून गोल झालेलं असेल तर तेवढं ग्राइंडरने काढून टाका म्हणजे चिलपी उडून डोळ्यात जाणार नाही, बाकी घण पिढीभर टिकतो. दांडा बहुतेक सडलेला असतो, तो धरूच नका, नवीन बसवायचाच असं समजून भाव करा. कानशी किलोवर देतात आणि हा मला तिथला सगळ्यात चांगला सौदा वाटतो, झिजलेली कानस धातू घासायला संपली असली तरी तिचं पोलाद तसंच असतं. फक्त हलक्या प्रतीच्या काही कानशी वरूनच कडक केलेल्या असतात, आत नरम, म्हणून एखादी मोडून आतला दाणा बघा. माझ्याकडची खरवडणी एका मोठ्या चपट्या कानशीची आहे, दात आधी पूर्ण घासून काढले होते कारण दात राहिले तर ठोकताना त्यांची घडी आत जाते आणि तिथून भेग पडते.

बेंच व्हाइस घेताना स्क्रू पूर्ण बाहेर काढून आटे बघा. समोरून छान दिसणारा, रंग मारलेला व्हाइस असतो आणि मधले आटे, जे रोज वापरात असतात, ते पार खाल्लेले असतात. जबड्याच्या मुळाशी वेल्डिंग दिसलं तर सोडून द्या, बिडाचं वेल्डिंग माराला टिकत नाही. लेग व्हाइस, तो लांब पायाचा, लोहारकामाला खरा उपयोगी, पण तो क्वचित येतो आणि आला की लगेच जातो. काकांना नंबर देऊन ठेवलाय, ते फोन करतात असा माझा अनुभव आहे.

भाव सांगायचा तर मी शेवटचा गेलो तेव्हा पाटे 60 रुपये किलो, नरम लोखंड 50, कानशी 80, आणि हत्यारं नगावर. पाट्यांचा भाव भंगार म्हणून जास्तच आहे हे खरं, दुसरीकडे कमीत मिळेल, पण निवडून घ्यायला देतात आणि कुठला माल ते सांगतात याचे ते पैसे आहेत आणि मला ते पटतात. हत्यारांचा भाव मात्र माणूस बघून सांगतात असं वाटतं, काका असले तर रास्त, पोरगा असला की दुप्पट. तेवढी एक गोष्ट त्यांनी सुधारायला हवी. हातोड्यावर खडूने भाव लिहून ठेवला तरी पुरे. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या. वजनकाट्यावर आधी रिकामी पाटी ठेवून शून्य करायला सांगा, करतात, कुरकुर नाही.

पावसात जाऊ नका. जून ते सप्टेंबर आवारात लाल चिखल घोट्यापर्यंत असतो, ढिगारे निसरडे होतात आणि त्याखालून पाटा ओढणं धोक्याचं आहे. ढीग कसेही रचलेले असतात, सुरक्षेच्या बाबतीत इथे मी फार कमी मार्क देईन, लहान मुलांना तर अजिबात नेऊ नका. गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळी दहापर्यंत, फेरीवाले माल घेऊन येतात तेव्हा काकांना बोलायला वेळ नसतो.

तुलनेला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बघितलाय. तिथे नवे कोयते, विळे चांगले मिळतात, कोयत्याला काठ कसा दिलाय, मूठ कशी बसवलीय हे शिकायला एक-दोन नमुने जरूर घ्यावेत, पण कच्च्या मालाला तो बाजार नाही. आणि आपल्या गावात मेस्त (लोहार) असेल, अजून भाता चालवत असेल, तर आणलेला पाटा आधी त्याला दाखवा. आमच्या मेस्तमामांनी एका पाट्याचं टोक तापवून, दोन घाव मारून, रंग बघून सांगितलं की याला काती (माडाची सूर काढायचं पातं) करा, सुरी नको, आणि त्यांनी सांगितलेलं बरोबर निघालं, ती काती आज एका रेंदेराच्या (सूर काढणाऱ्याच्या) कमरेला आहे.

एकूण पाचपैकी चार. एक मार्क ढिगाऱ्यांचा आणि पोराच्या भावाचा कापला. जाताना चामड्याचे हातमोजे, जाड तळव्याचे बूट, चुंबक, तारेचा ब्रश, रॉकेलची छोटी बाटली आणि चिंधी न्या, डोळ्याला चष्मा हवाच. पैसे यूपीआयने घेतात पण आत शेडमध्ये रेंज जाते म्हणून थोडे सुटे जवळ ठेवा. रविवारी दुपारनंतर बंद असतं.