बिलाची तारीख आणि पगाराची तारीख: एका क्रेडिट कार्डाचा साडेचार वर्षांचा अनुभव

चोपडा तालुक्यातील एका अनुदानित शाळेत मी शिक्षक आहे. २०२१ च्या जानेवारीत एका खासगी बँकेचा प्रतिनिधी आमच्या शिक्षकदालनात आला आणि मधल्या सुट्टीच्या अर्ध्या तासात त्याने आमच्यापैकी सहा जणांचे अर्ज भरून घेतले. त्या सहांत मी होतो. बँकेचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या गोष्टींबद्दल लिहीत आहे त्या थोड्याफार फरकाने बहुतेक कार्डांना लागू पडतात. ७५,००० रुपयांची मर्यादा, वार्षिक शुल्क ४९९ रुपये व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, वर्षाला ५०,००० रुपयांची खरेदी झाल्यास ते शुल्क माफ, आणि दर १०० रुपयांमागे २ पॉइंट, असे हे साधे कार्ड आहे.

अर्ज भरताना प्रतिनिधी पॉइंटांबद्दल, पेट्रोलवरील अधिभाराच्या माफीबद्दल आणि दिवाळीच्या सवलतींबद्दल भरभरून बोलला. बिल कोणत्या तारखेला निघते हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आज कोणी मला कार्डाबद्दल विचारले तर मी सर्वांत आधी याच तारखेबद्दल बोलतो. माझे बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघत असे आणि ते भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची २ असे. आमचा पगार मात्र कधी ५ ला, कधी ८ ला आणि मार्च-एप्रिलमध्ये तर १५ नंतरही होतो. म्हणजे खात्यात सर्वांत कमी पैसे ज्या आठवड्यात असतात, नेमक्या त्याच आठवड्यात बँक पैसे मागणार, अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून होती.

पहिले नऊ महिने किरकोळ खरेदी होती, त्यामुळे ही अडचण जाणवली नाही. २०२१ च्या दसऱ्याला, म्हणजे १५ ऑक्टोबरला, २८,५०० रुपयांचा फ्रीज घेतला आणि ३० ऑक्टोबरला दिवाळीचे कपडे ९,५०० रुपयांचे झाले. १२ नोव्हेंबरला ३८,००० रुपयांचे बिल आले. २ डिसेंबरला खात्यात एवढी रक्कम नव्हती. बिलावर ‘किमान देय रक्कम १,९०० रुपये’ असे ठळक छापलेले होते. तेवढे भरले, पावती आली आणि उरलेले पगार झाल्यावर भरू असे म्हणून मी निश्चिंत झालो. पगार ९ ला झाला, परंतु घरात सासूबाईंचे मोतीबिंदूचे शस्त्रक्रियेचे काम निघाले आणि ते पैसे तिकडे गेले.

१२ डिसेंबरचे बिल ३८,८७३ रुपयांचे होते. मधल्या काळात कार्डावर एक रुपयाचीही खरेदी झालेली नव्हती. १,९०० रुपये भरूनही देणे कमी होण्याऐवजी ८७३ रुपयांनी वाढले होते. प्रथम मला वाटले की बँकेची चूक झाली. रविवारी वही घेऊन बसलो, तेव्हा हिशेब लागला. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज, आणि ते २ डिसेंबरपासून नव्हे तर ज्या दिवशी फ्रीज घेतला त्या दिवसापासून. फ्रीजच्या रकमेवर ५८ दिवसांचे १,९०२ रुपये, कपड्यांवर ४३ दिवसांचे ४७० रुपये, भरलेल्या १,९०० रुपयांमुळे सुटलेले २२ रुपये वजा जाता २,३५० रुपये व्याज, आणि व्याजावरही १८ टक्के कर ४२३ रुपये. एकूण २,७७३. बिनव्याजी मुदत पूर्ण रक्कम भरणाऱ्यालाच मिळते. एक रुपया जरी मागे राहिला तरी ती सवलत मागील तारखेपासून निघून जाते, शिवाय पूर्ण देणे फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चढते. ही अट करारात होती. बारीक अक्षरांत होती, पण होती.

त्या वर्षी पॉइंटांतून मला काय मिळाले तेही त्याच वहीत मांडले. वर्षाची खरेदी साधारण १,८०,००० रुपये, त्याचे ३,६०० पॉइंट, एका पॉइंटची किंमत २५ पैसे, म्हणजे ९०० रुपये. ते वटवण्याचे शुल्क वेगळे. एका चुकलेल्या तारखेने तीन वर्षांचे पॉइंट खाल्ले, असे त्यानंतर मी सहकाऱ्यांना सांगत आलो आहे.

पुढे १ जुलै २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे नवे निर्देश लागू झाले. त्यांतील काही तरतुदी आमच्यासारख्या ग्राहकांना फार उपयोगाच्या आहेत. किमान देय रक्कम ही देणे उलट वाढत जाईल इतकी कमी ठेवता येत नाही. देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावाच लागतो. ऑगस्टमध्ये मी ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या मुलीने ‘सर, अशी सोय आपल्याकडे नाही’ असे नम्रपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी निर्देशांचा उल्लेख करून ई-मेल पाठवला आणि आठवडाभरात बिलाची तारीख १२ ऐवजी २४ झाली. तेव्हापासून भरण्याची तारीख पुढच्या महिन्याच्या १३ च्या आसपास येते. बँक तीच, व्याजाचा दर तोच, माणूसही तोच, परंतु त्या एका बदलानंतर आजपर्यंत मला व्याजाचा एक पैसाही लागलेला नाही. पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती करण्याची सूचनाही देऊन ठेवली आहे. त्या अर्जात ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’ असे दोन चौकोन असतात. खूण कोणत्या चौकोनात आहे हे स्वतः पाहावे, दुसऱ्याला भरायला देऊ नये.

तारीख समजली की कार्डाचा खरा लाभही समजतो. २४ ला बिल निघत असेल तर २५ ला केलेल्या खरेदीला सुमारे ५० दिवस मिळतात, तर २३ ला केलेल्या खरेदीला जेमतेम २१. जूनमधील मुलांची पुस्तके, गणवेश आणि शिकवणीची फी मी आता २५ तारखेनंतरच भरतो. पैसे तेवढे दिवस बचत खात्यात राहतात, त्याचे व्याज नगण्य असले तरी पगार लांबला तर घाम फुटत नाही.

आता आमच्या भागात हे कार्ड कितपत चालते, याविषयी. पेट्रोल पंपावर विनातक्रार चालते. एक टक्का अधिभार पुढच्या बिलात परत मिळतो, त्यावरील कर मात्र परत मिळत नाही. जळगावच्या सराफ बाजारात कार्ड सगळीकडे घेतात, परंतु गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी मंगळसूत्राच्या वाट्या घेताना काउंटरवरच्या मुलाने यंत्र पुढे सरकवता सरकवता थांबून विचारले, “सर, कार्डावर दोन टक्के वर पडतील. स्कॅनच करा ना.” पॉइंटांतून अर्धा टक्का मिळणार आणि दोन टक्के वर जाणार, म्हणून मी खात्यातून पैसे दिले. खते-बियाण्यांच्या दुकानात वर्षानुवर्षांची ओळख आणि वहीतील उधारी चालते, तेथे बहुधा कार्डाचे यंत्रच नसते. रुपे या भारतीय कार्डजाळ्याचे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय २०२२ पासून झाल्यामुळे माझ्या एका सहकाऱ्याचे कार्ड किराणा दुकानातल्या साध्या क्यूआर कोडवरही चालते. माझे कार्ड रुपे नाही, ही त्याची उणीव मी मोजतो. तथापि चहापासून भाजीपर्यंत सगळे कार्डावर जाऊ लागले की महिनाअखेरीस आकडा पाहून तोच सहकारी दचकतो, हेही पाहिले आहे.

आमच्या गावात या कार्डाबद्दल जो गैरसमज सर्वांत महागात पडला, तो नावातून आला. शेतकऱ्याला किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून माहीत आहे. त्यावरील तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर केंद्राची सवलत धरून चार टक्क्यांनी पडते, आणि महाराष्ट्रात पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तो भारही उतरतो. मार्चअखेर पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी सोसायटीत नवं-जुनं करायचे, म्हणजे जुने भरून नवे उचलायचे, ही रीत अंगवळणी पडलेली आहे. माझ्या थोरल्या भावाने हीच रीत खासगी बँकेच्या कार्डाला लावली. त्याची केळीची बाग आहे. लागवडीपासून घड कापणीला येईपर्यंत वर्ष जाते, भाव रोज बदलतो आणि व्यापाऱ्याकडून पैसे येण्याची तारीख निश्चित नसते. ठिबकच्या नळ्या आणि विद्राव्य खते त्याने कार्डावर घेतली. बिल आले तेव्हा बाग उभी होती, पैसा नव्हता.

मग त्याला कोणी तरी वाट दाखवली. मोबाइलच्या दुकानात कार्ड घासून अडीच-तीन टक्के कापून रोख देणारे तालुक्याच्या गावी सहज सापडतात. एका कार्डावरून रोख उचलायची, दुसऱ्याचे बिल भरायचे, आणि पुढच्या महिन्यात उलट. दादा त्यालाही ‘नवं-जुनं’च म्हणत होता. सोसायटीचे नवं-जुनं वर्षातून एकदा असते, हे महिन्याला होते. अडीच टक्के धरले तरी वर्षाचे तीस टक्के केवळ या कपातीत गेले. शिवाय खरेदी न करता खरेदी दाखवणे हा कार्डाच्या कराराचा भंग आहे, हे वेगळेच. एटीएममधून कार्डावर थेट रोख काढणेही टाळावे, कारण तेथे बिनव्याजी मुदत नसतेच. काढल्या दिवसापासून व्याज आणि वर रोख काढण्याचे शुल्क लागते. शेवटी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचा (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचा) हिशेब करायच्या वेळी, दादाने सगळे माझ्यापुढे मांडले. आम्ही दोघांनी मिळून पतसंस्थेतून सोन्यावर कर्ज काढले आणि दोन्ही कार्डांची बाकी एकदाच मिटवली. ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदा-दोनदा येते त्याने दरमहा बिल देणारे कर्ज शेतीसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मग त्या कार्डावर पॉइंट कितीही मिळोत.

दुसरे कार्ड मीही एकदा घेतले होते. जळगावात एका मोठ्या दुकानाच्या दारात टेबल मांडून बसलेल्या मुलाने ‘आयुष्यभर मोफत’ म्हणून दिले आणि दुसऱ्या वर्षी ९९९ रुपये व कर लागला. बंद करण्याची विनंती केली, तर तीन वेळा फोन करून मर्यादा वाढवून देण्याचे आमिष दाखवले. काही देणे शिल्लक नसेल तर कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला ५०० रुपये द्यावे लागतात. हा नियम दाखवून तक्रार अधिकाऱ्याला लिहिल्यावर कार्ड बंद झाले आणि चार दिवसांचे २,००० रुपयेही खात्यात जमा झाले. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते. माझ्यावर ती वेळ आली नाही.

सुरक्षिततेबाबत कार्डाचे ॲप चांगले आहे. परदेशातील व्यवहार मी पहिल्याच दिवशी बंद केले आणि ऑनलाइन खरेदीची मर्यादा १०,००० ठेवली. पिन न मागता ५,००० रुपयांपर्यंत चालणारी टॅपची सोयही बंद ठेवली आहे, कारण बसस्थानकाच्या गर्दीत पाकीट जायला वेळ लागत नाही. आपण न केलेला व्यवहार दिसला आणि चूक बाहेरच्या कोणाची असेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. आपणच ओटीपी सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच. म्हणून बँकेच्या संदेशांसाठी कार्ड वापरणाऱ्याच्या स्वतःच्या हातात असलेलाच मोबाइल क्रमांक नोंदवावा. आमच्या एका निवृत्त गुरुजींचा क्रमांक पुण्यातील मुलाच्या नावावर होता आणि संदेश त्यांना चौथ्या दिवशी समजला.

कार्डाच्या उणिवा अजूनही आहेत. बिल इंग्रजीत येते. किमान रक्कम ठळक आणि ती भरण्याचे परिणाम बारीक छापतात. विमा व कर्ज विकणारे फोन आठवड्याला दोन तरी येतात. जमेच्या बाजूला, २०२३ मध्ये घराच्या कर्जासाठी गेलो तेव्हा वेळेवर भरलेल्या बिलांमुळे सिबिलचा आकडा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण, चांगला निघाला. तो अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो आणि मी तो दर जानेवारीत काढतो. मर्यादा एक लाखापर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव तीनदा आला, तीनदा नाकारला. पाचपैकी मी या कार्डाला साडेतीन गुण देईन. बिलाची तारीख १२ होती तोपर्यंत दीडही दिले नसते.

परवा आमच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाने कोणते कार्ड घ्यावे म्हणून विचारले. त्याचा पहिला पगार अजून झालेला नाही. पगारपत्रकात नाव चढायला दोन-तीन महिने जातात. तोवर थांब असे त्याला सांगितले, आणि अर्ज घेऊन येणाऱ्याला काय विचारायचे ते त्याच्या डायरीत लिहून दिले.