ई७०० ड्राइव्हच्या जपानी आणि ‘ईसी’ आवृत्त्या एकाच लाइनवर: वापरानंतरचा अनुभव

मित्सुबिशीच्या ई७०० मालिकेतल्या एफआर-ई७४० चे जपानी आणि ‘ईसी’ शेपटीचे, म्हणजे युरोपसाठीचे, ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे इन्व्हर्टर) काही महिने एकाच कन्व्हेयर लाइनवर चालताहेत. पॉवरच्या बाजूला काही अडत नाही. ३८० ते ४८० व्होल्ट, ५० किंवा ६० हर्ट्झ, दोघांनाही चालतं. अडतं ते कंट्रोल टर्मिनलवर (जिथे चालू-बंदच्या सिग्नलच्या वायरी येतात) आणि पॅरामीटरच्या, म्हणजे सेटिंगच्या, फॅक्टरी किमतींत.

आधी नावं. जपानी मॉडेलवर किलोवॉट असतात, ईसीवर अँपिअर. ०.७५के आणि ०२६ (२.६ अँपिअर) एकाच ताकदीचे. ‘०४०’ बघून ४ किलोवॉट समजू नका, तो १.५ चा असतो.

खरी डोकेदुखी लॉजिकची. जपानी ड्राइव्ह सिंकवर (सिग्नल ० व्होल्टकडे जोडून लागतो) सेट होऊन येतो: एसटीएफ (पुढे फिरण्याची कमांड) एसडी या कॉमन टर्मिनलला टेकला की मोटर सुरू. ईसी सोर्सवर (सिग्नल २४ व्होल्टकडे जोडून लागतो) येतो आणि तिथे कॉमन म्हणजे ‘पीसी’ नावाचं टर्मिनल. जुन्या वायरिंगवर ईसी तसाच बसवला तर डिस्प्ले लागतो, पॅरामीटर वाचता येतात, पीयू मोडवर (ड्राइव्हच्याच बटणांवरून) मोटर फिरतेसुद्धा. फक्त पीएलसीची (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरची) कमांड आली की ढिम्म. मग पीएलसीच्या आउटपुटवर संशय घेऊन अख्खी पाळी वाया जाते. सप्लाय बंद करा, कपॅसिटर उतरायला किमान १० मिनिटं द्या, कंट्रोल टर्मिनलजवळचा जंपर (सिंक-सोर्स निवडणारा छोटा कनेक्टर) चिमट्याने काढून सिंकच्या जागी बसवा. सिंक आणि सोर्स दोन्हीकडे एकदम जंपर लावला तर ड्राइव्ह जळू शकतो. पीसी-एसडीमध्ये २४ व्होल्ट असतात, त्यामुळे कॉमनची वायर हलवताना ते दोघं शॉर्ट होऊ देऊ नका. स्पेअर रॅकवर ठेवतानाच जंपर बदलून वर चिठ्ठी चिकटवलेली बरी.

जंपर एकदा बदलला की विषय संपतो, पॅरामीटर मात्र पुन्हा पुन्हा छळतात. पीआर.३ (बेस फ्रिक्वेन्सी, जिथे मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं), पीआर.२० (वेग वाढवण्याच्या वेळेची संदर्भ फ्रिक्वेन्सी) आणि पीआर.१२५ (वेगाचा व्होल्टेज सिग्नल पूर्ण असतानाची फ्रिक्वेन्सी) जपानीत ६० हर्ट्झ, ईसीत ५०. ५० हर्ट्झच्या मोटरला पीआर.३ साठवरच राहिला तर ५० हर्ट्झला व्होल्टेज फक्त ८३ टक्के मिळतं आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण ६९ टक्क्यांवर येतो. रिकामा पट्टा छान चालतो, माल चढला की करंट वाढून थर्मल ट्रिप, म्हणजे ओव्हरलोडने ड्राइव्ह बंद. पीआर.१२५ चुकला तर वेगाच्या त्याच १० व्होल्ट सिग्नलला पट्टा २० टक्के जोरात पळतो. पीआर.७ (वेग वाढवण्याची वेळ) मध्ये ५ सेकंद लिहिले तरी ते पीआर.२० पर्यंतचे असतात, म्हणजे जपानीवर ५० हर्ट्झ ४.२ सेकंदांतच येतात. शेजारचे दोन पट्टे सुरुवातीला जुळत नाहीत ते यामुळेच. पीआर.१९ (बेस फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज) सुद्धा बघा: जपानीत ९९९९, म्हणजे सप्लायइतकं, ईसीत ८८८८, म्हणजे सप्लायच्या ९५ टक्के. ‘ऑल क्लिअर’ (सगळी सेटिंग पुसणं) मारला की ड्राइव्ह आपापल्या देशाच्या किमतींवर परत जातो, तेव्हा क्लिअरनंतर ही यादी हातात हवीच.

जंपरने बदलता न येणारी गोष्ट म्हणजे पीएलसीचं ट्रान्झिस्टर आउटपुट. मित्सुबिशीच्या एफएक्स३यू पीएलसीमध्ये एमटी/ईएस सिंक, एमटी/ईएसएस सोर्स, आणि हे हार्डवेअरमध्येच पक्कं. ते ड्राइव्हशी जुळत नसेल तर ड्राइव्हचा जंपर बदला. तोही बदलता येत नसेल तर मध्ये इंटरफेस रिले. इनपुटचं सोपं आहे: एस/एस (इनपुटचं कॉमन टर्मिनल) २४ व्होल्टला जोडला की एनपीएन सेन्सर (आउटपुट ० व्होल्टकडे जोडणारा), ० व्होल्टला जोडला की पीएनपी (आउटपुट २४ व्होल्टकडे जोडणारा). पण एका एस/एसवर दोन्ही जातीचे सेन्सर मिसळता येत नाहीत. ओमरॉनचा प्रॉक्सिमिटी सेन्सर ई२ई-एक्स५एमई१ एनपीएन, एमएफ१ पीएनपी. फरक एकाच अक्षराचा, वायरचे रंग तेच, त्यामुळे बदली करताना हमखास घोटाळा होतो.

तापमान मोजण्याच्या बाजूलाही जपानी आणि इतर पद्धतींचा असाच घोटाळा. जुन्या जपानी मशीनवरचा जेपीटी१०० सेन्सर १०० अंशांना १३९.१६ ओहम देतो, आजचा पीटी१०० १३८.५१; कंट्रोलरमध्ये प्रकार चुकीचा निवडला तर पावणेदोन अंशांच्या आसपास फरक. के टाइप थर्मोकपलची (टोक तापलं की मिलिव्होल्ट देणाऱ्या सेन्सरची) लाल वायर जुन्या जपानी पद्धतीत प्लस, अमेरिकन पद्धतीत मायनस. रंगावर विसंबू नका, टोक गरम करून मिलिव्होल्ट कुठल्या बाजूला जातात ते मीटरवर बघा.