लॉगिनसाठी सेशन कुकी घ्यावी की जेडब्ल्यूटी?

एकच बॅकएंड, एकच डोमेन आणि वापरकर्ते ब्राउझरमधून येणारे, असं अ‍ॅप असेल तर सेशन कुकी (लॉगिनची खूण म्हणून ब्राउझरमध्ये राहणारी छोटी नोंद) घ्या. त्याच एपीआयवर मोबाइल अ‍ॅपही चालवायचं असेल, किंवा वेगवेगळ्या सर्व्हिसना वापरकर्त्याची ओळख पटवून द्यायची असेल, तेव्हा जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन, म्हणजे सर्व्हरने सही करून दिलेलं ओळखपत्र) कामाला येतं. ट्युटोरियलमध्ये जेडब्ल्यूटी दिसलं म्हणून ते उचलणाऱ्यांची पुढे लॉगआउटपाशी अडचण होते.

सेशनमध्ये ब्राउझरकडे फक्त एक लांबलचक रँडम आयडी असतो, बाकी सगळी माहिती सर्व्हरवर. जेडब्ल्यूटीत वापरकर्ता कोण, त्याचा रोल काय, मुदत कधी संपते हे टोकनमध्येच लिहून त्यावर सही केलेली असते. सर्व्हर ती सही तपासतो, डेटाबेसला विचारत नाही.

म्हणूनच कुणाला बाहेर काढायचं म्हटलं की दोन्हींतला फरक जाणवतो. सेशन असेल तर ते जिथे साठवलंय तिथली, म्हणजे रेडिससारख्या मेमरीतल्या डेटाबेसमधली, नोंद पुसली की काम झालं. 24 तासांचं जेडब्ल्यूटी दिलेलं असेल, तर सकाळी खातं बंद केलेला कर्मचारी दुसऱ्या दिवसापर्यंत आत राहू शकतो. उपाय आहे: अ‍ॅक्सेस टोकन (प्रत्येक रिक्वेस्टसोबत जाणारं) 5 ते 15 मिनिटांचं ठेवायचं, रिफ्रेश टोकन (मुदत संपल्यावर नवं टोकन मिळवून देणारं) डेटाबेसमध्ये नोंदवायचं आणि प्रत्येक वापरानंतर बदलायचं. जुनं रिफ्रेश टोकन पुन्हा आलं तर ते चोरीला गेलंय असं धरून त्या लॉगिनची सगळी टोकनं रद्द करायची. मात्र दोन टॅबनी एकाच क्षणी रिफ्रेश मागितलं तर प्रामाणिक वापरकर्ताही बाहेर फेकला जातो, म्हणून जुन्या टोकनला काही सेकंदांची सवलत द्यावी लागते. डेटाबेस टाळायला निघालो होतो, तो परत आलाच.

आकाराचा मुद्दा मराठी अ‍ॅपसाठी महत्त्वाचा आहे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. ‘ज्ञानेश्वर’मध्ये अशी 10 चिन्हं, म्हणजे 30 बाइट, टोकनसाठी बेस64 (बाइट साध्या इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत) केल्यावर 40 अक्षरं. पीएचपीचं किंवा पायथनचं जेसन एन्कोडिंग डीफॉल्टवर ठेवलं तर प्रत्येक चिन्हाचा 6 अक्षरी एस्केप (कोड) होतो आणि तेच नाव 60 अक्षरांचं होऊन बेस64 नंतर 80 वर जातं. त्यात पत्ता, परवानग्यांची यादी भरली की कुकीची साधारण 4096 बाइटची मर्यादा लवकर गाठली जाते, मग ब्राउझर ती कुकी गुपचूप टाकून देतो. टोकनमध्ये फक्त वापरकर्त्याचा आयडी, रोल आणि मुदत ठेवा. नाव वेगळ्या एपीआयने मागवा. शिवाय सही केलेलं टोकन गुप्त नसतं. हातात पडेल त्याला आतला मजकूर वाचता येतो.

साठवायचं कुठे? लोकल स्टोरेजमधलं टोकन पानावर घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट वाचू शकते. ब्राउझरसाठी दोन्ही पर्यायांत कुकीच बरी: एचटीटीपी-ओन्ली (स्क्रिप्टला वाचता न येणारी), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जाणारी) आणि सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक रिक्वेस्टसोबत न जाणारी). लॉगिन झाल्याबरोबर सेशन आयडी बदला, नाहीतर आधीच पेरून ठेवलेला आयडी हल्लेखोराच्या उपयोगी पडतो.

सेमसाइट लॅक्सचा फटका बसतो पेमेंट गेटवेवरून परत येताना. गेटवे पोस्ट रिक्वेस्टने तुमच्या साइटवर परत पाठवत असेल तर ब्राउझर तिच्याबरोबर कुकी देत नाही. कॉलबॅकच्या कोडने तिथे सेशन सुरू केलं, की नवा आयडी जुन्या कुकीवर चढतो आणि पैसे भरलेला ग्राहक लॉगिनच्या पानावर पोचतो. कॉलबॅकमध्ये सेशन उघडूच नका. ऑर्डर आयडी आणि गेटवेची सही तपासा, ऑर्डर अपडेट करा आणि 303 रीडायरेक्टने ग्राहकाला आपल्याच पानावर पाठवा. ती गेट रिक्वेस्ट असल्याने तिच्यासोबत जुनी कुकी येते. सेमसाइट स्ट्रिक्ट असेल तर मात्र तीही येत नाही.

सेशनची बाकी दुखणी सेटिंगमधली आहेत. पीएचपीत फाइलमधलं सेशन रिक्वेस्ट संपेपर्यंत लॉक राहतं, त्यामुळे डॅशबोर्डवरच्या एजॅक्स रिक्वेस्ट एकामागे एक ताटकळतात. वाचून झालं की सेशन लगेच बंद करा. नोडचं एक्सप्रेस फ्रेमवर्क एनजिनएक्स या प्रॉक्सी सर्व्हरच्या मागे असेल आणि सिक्युअर कुकी सेटच होत नसेल, तर ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ 1 करा आणि एनजिनएक्सकडून ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर पाठवा. कॅशे आणि सेशन एकाच रेडिसमध्ये ठेवू नका: मेमरी भरल्यावर कुठलीही नोंद काढून टाकायची पॉलिसी असेल तर लोकांची लॉगिनंही जातात.

जेडब्ल्यूटीत तपासताना अल्गोरिदम कोडमध्ये पक्का लिहा, टोकनच्या हेडरवर विश्वास ठेवू नका. एचएस256 (एकाच गुप्त कीने सही करणारा अल्गोरिदम) ची की किमान 32 रँडम बाइटची हवी. सर्व्हरांच्या घड्याळांत फरक असतो, तेव्हा मुदत तपासताना 30 ते 60 सेकंदांची सूट द्या.

सेशनवर चालणाऱ्या अ‍ॅपला पुढे मोबाइल अ‍ॅप जोडायचं झालं तर ब्राउझरचं काही मोडू नका. ऑथोरायझेशन हेडर आला तर टोकन तपासा, नसेल तर कुकी. दोन्ही वाटांनी शेवटी एकच ‘यूजर’ ऑब्जेक्ट तयार करा. सीएसआरएफ (दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नावाने पाठवलेली बनावट रिक्वेस्ट) तपासणी फक्त कुकीच्या वाटेला लावा. टोकनची नोंद डिव्हाइसवार ठेवा, म्हणजे हरवलेल्या एका फोनपायी सगळीकडून लॉगआउट करावं लागत नाही.