कोल्हापूर की जर्मनी? पगार सोडून बाकीचं

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीचा, मशीन शॉपचा अनुभव घेऊन जर्मनीला निघालेली पोरं पगाराचा हिशेब आधीच करून ठेवतात. त्यात मी पडत नाही. स्टुटगार्टजवळ राहताना मला रोज जाणवतो तो फरक निराळाच आहे: काम कुणाच्या शब्दावर होतं?

कोल्हापुरात पाणी आलं नाही की तालमीच्या कट्ट्यावर सांगायचं, तिथून भागातल्या पुढाऱ्याला फोन जातो. 2020 नंतर पाच वर्षं महापालिकेवर प्रशासक होता, नगरसेवक नव्हतेच. तरी ‘माजीं’च्या दारातल्या चपला काही कमी झाल्या नाहीत. इथं फोन लावायला कुणी नाही. घर बदललं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, त्यासाठी आधी ‘टर्मिन’, म्हणजे कचेरीतली ठरवलेली वेळ, घ्यायची, आणि मोठ्या शहरात ती लवकर मिळेल याची खात्री नाही. पण एकदा वेळ मिळाली आणि कागद पुरे असले, की काम लगेच होतं. मध्येच कुणाचा भाचा घुसत नाही. एक कागद कमी असला तर मात्र ‘साहेब, जरा बघा की’ला काडीची किंमत नाही, पुन्हा टर्मिन.

राजकारणाचं तर विचारूच नका. आपल्याकडं 2019 ची लोकसभा ‘आमचं ठरलंय’ या दोन शब्दांच्या घोषणेवर गाजली, आणि गोकुळ दूध संघाची निवडणूक आमदारकीपेक्षा कमी चुरशीची नसते. इथं फेब्रुवारी 2025 ला संसदेची निवडणूक झाली, तेव्हा विजेच्या खांबांना बांधलेले फलक सोडले तर रस्त्यावर फार काही नव्हतं. गुलाल नाही, साउंड सिस्टीम नाही. मतदान रविवारी, कागदी मतपत्रिकेवर; मतं दोन, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. सहाला मतदान संपलं की मोजणी हातानं, आणि ती बघायला कुणालाही उभं राहता येतं. संसदेत जायला किमान पाच टक्के मतांची अट असल्यामुळं बीएसडब्ल्यू हा पक्ष 4.98 टक्क्यांवर संसदेबाहेर राहिला. पुढं 6 मे रोजी फ्रीडरिश मेर्त्स चान्सलरपदाच्या (आपल्या पंतप्रधानासारखं पद) संसदेतल्या मतदानात पहिल्या फेरीत पडले आणि दुपारी दुसऱ्या फेरीत निवडून आले. मधल्या त्या काही तासांत आपल्याकडं किती गाड्या किती रिसॉर्टकडं पळाल्या असत्या, तुम्हीच सांगा.

खुपतं ते वेगळंच. त्या प्रचारात स्थलांतरित हा मोठा मुद्दा होता. म्हणजे चर्चा आपल्याबद्दल, कर आपणही भरणार, आणि मत नाही. अगदी गावच्या निवडणुकीतही नाही; तिथं युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे, आपल्याला नाही. मताशिवाय राहायची सवय ज्याला लागणार नाही, त्यानं हे आधीच धरून चालावं.

रोजच्या जगण्यात रविवार सगळ्यात जड. दुकानं बंद, ड्रिल मशीन चालवायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा टाकायच्या नाहीत. रात्री दहानंतर शांतता. गणपतीत वाढलेल्या माणसाला ती अंगावर येते. या भागात जिना झाडायच्या पाळ्या असतात: आपला आठवडा आला की दाराला पाटी लटकते, आणि कोपऱ्यात धूळ राहिली तर शेजारची आजी बेल वाजवते. कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात, त्याला इथं तोड नाही.

माझं मत असं, की ज्याचा कुणी वाली नाही, वशिला नाही, त्याला जर्मनी मानवते. चार माणसांत ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्यानं दहादा विचार करावा. इथं ते वजन शून्यापासून उभं करायचं, तेही जर्मनमधून.

राहता राहिला मतदानाचा हक्क. भारतीय पासपोर्ट असेपर्यंत परदेशातला मतदार म्हणून गावच्या यादीत नाव लावता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. टपालानं चालत नाही. पाच वर्षांनी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि जून 2024 पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही. भारत मात्र दोन ठेवू देत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर कोल्हापुरात मत देता येत नाही.